टॉवेलाखालचं वाळवण

लग्न होऊन भोपाळला आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी सासरी चोरी झाल्याची बोंब ठोकली.

झालं असं. सरकारी क्वार्टर, मागे छोटंसं अंगण, आणि अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तार. सकाळी मी आपले कपडे धुतले आणि ऐटीत वाळत घातले. साडी, परकर, ब्लाउज, आणि शेवटी माझ्या आईनं लग्नासाठी मुद्दाम घेतलेल्या दोन नव्या ब्रा. एक पांढरी, एक गुलाबी, काठाला लेस. उज्जैनला आमच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत आणि गच्चीवर फक्त बायकाच जात. त्यामुळे काय कुठे वाळतं याचा विचार करायची वेळच माझ्यावर आली नव्हती. अर्ध्या तासानं बघते तर साडी आहे, परकर आहे, आणि दोन्ही ब्रा गायब. मी तशीच तरातरा आत आले. बाहेरच्या खोलीत सासरे चहा पीत पेपर वाचत बसले होते. त्यांच्यासमोरच मी म्हणाले, "आई, माझे दोन कपडे चोरीला गेले!"

"कोणते गं?" सासऱ्यांनी पेपरातून मान वर काढून विचारलं. बिचारे अगदी काळजीनं विचारत होते.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला जवळजवळ ओढतच अंगणात नेलं. तारेच्या टोकाला एक निळा टॉवेल पसरलेला होता. त्याचा कोपरा त्यांनी दोन बोटांनी उचलला. खाली माझ्या दोन्ही ब्रा सुखरूप होत्या, आणि त्यांच्या शेजारी सासूबाईंच्या दोन पांढऱ्याशुभ्र बॉड्या.

"आपल्याकडे हे टॉवेलाखाली वाळतं," त्या म्हणाल्या.

"पण आई, टॉवेलाखाली ऊन कसं लागणार?"

"माझं वाळूनच राहिलं ना इतकी वर्षं? झाकली मूठ सव्वा लाखाची." कोपरा खाली पडला आणि विषय संपला.

माझा स्वभाव तेव्हाही तापटच होता. पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी मोजकंच बोलले. पण टॉवेल मात्र घातला, आणि मग चाळीस वर्षं घालत राहिले. सवय ही अशी असते, आधी चिडून करायची आणि मग चिडायचं विसरून जायचं.

बॉडी म्हणजे काय, हे आता माझ्या लेकीच्या वयाच्या मुलींना सांगावं लागतं. ब्रा येण्याआधी आपल्याकडे बायका पोलक्याच्या आत घालत ती. घरी शिवलेली, जाड पांढऱ्या सुती कापडाची, रुंद खांद्यांची, पुढून हुकांची. माझ्या आजीच्या पिढीत तीही नव्हती, नुसती घट्ट चोळी, तिच्या आत काही नाही. माझ्या बाराव्या-तेराव्या वर्षी आईनं एक अक्षर न बोलता शमीज बंद करून माझ्या कप्प्यात दोन बॉड्या ठेवल्या. त्या कशा घालायच्या हेही सांगितलं नाही. मी पहिली बॉडी हुक मागे घेऊन, म्हणजे उलटी घातली आणि तशीच शाळेत गेले. दिवसभर गळ्यापाशी काच काचत होता. घरी आल्यावर आईनं पाहिलं, तिला हसू आवरेना, आणि तरीही तिनं तोंडानं काही सांगितलं नाही. आपली स्वतःची काढून, पुढून कशी लावतात ते दाखवलं आणि पोळ्या करायला निघून गेली.

मग कॉलेजात असताना ब्रा आली. तेव्हाची ब्रा म्हणजे गोल गोल शिवणीची, टोकदार. मी भोपाळच्या शाळेत गणित शिकवायला लागले, त्या पहिल्या दिवशी साडी नेसून तयार झाले. सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बाप्पा! हे दोन समोसे घेऊन तू पोरांना गणित शिकवून राहिली?" मला इतका राग आला की काय सांगू. पण आरशासमोर उभी राहिले आणि खरं सांगते, समोसेच होते. सासूबाईंनी त्याच रविवारी मला एक बॉडी शिवून दिली. आणि काय बसली म्हणता! खांद्याला ओढ नाही, काखेत चुणी नाही. मी ती दोन वर्षं शाळेत घालत होते. बाहेर मात्र मैत्रिणींना सांगायचे, मी बाई ब्राच वापरते.

सासूबाईंच्या हाताला क्वार्टर्समध्ये नाव होतं. नागपूरहून, वऱ्हाडातून आलेल्या सगळ्या मराठी बायका त्यांच्याकडून बॉड्या शिवून घेत. कुणी उघड येऊन सांगायचं नाही. पिशवीत वर मेथीच्या जुड्या, खाली जुन्या पेपरात गुंडाळलेली एक जुनी बॉडी. ती मापाची. तेवढ्या मापावर सासूबाई नवी शिवून देत. अंगाला टेप लावायचा प्रश्नच नव्हता. बाईनं बाईचं तिथलं माप घ्यायचं? छे! कुणाची मापाची बॉडी नसेल तर सासूबाई तिला दारातून आत येताना एकदा बघत, तेवढं पुरे. त्यांची नजर टेपापेक्षा पक्की होती.

त्या बायकांत त्यांची एक जिवाची मैत्रीण होती. दोघी एकाच वर्षी नागपूर सोडून इथे आल्या, शेजारशेजारच्या क्वार्टरमध्ये. क्वार्टर सुटलं, आम्ही अरेरा भागात फ्लॅट घेतला. मैत्रिणीचा मुलगा मोठा अधिकारी झाला आणि ती चार इमली भागातल्या सरकारी बंगल्यात राहायला गेली. तरी दर गुरुवारी दुपारी सासूबाई तिच्याकडे जात. इस्त्रीची साडी, केसात एखादं फूल, आणि डब्यात काहीतरी. सासरे गेल्यावरही तो गुरुवार चुकला नाही. जावईबापू यावेत तशी त्यांची तयारी चालायची.

आणि मग मागच्या वर्षी तो गुरुवार बंद पडला.

"गुडघे," त्या म्हणाल्या.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं गुडघे म्हटलं की कोण शंका घेणार? हाताची बोटंही आखडली होती. सुईत दोरा ओवणं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. आम्ही म्हटलं, वय झालं. साडीसुद्धा त्यांनी सोडली. घरात गाऊन आणि त्यावर ओढणी. मैत्रिणीचा फोन यायचा, "येत का नाहीस गं?" आणि सासूबाई म्हणायच्या, "गुडघे." मैत्रीण स्वतः तर काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालणारी, ती कुठून येणार? असे सात-आठ महिने गेले.

मग एक दिवस तिचा फोन आला तो मीच उचलला. मुलगा रिटायर होणार, बंगला रिकामा करायचा, आणि सगळे कायमचे पुण्याला निघाले होते. निघण्याआधीच्या गुरुवारी जुन्या क्वार्टर्समधल्या उरल्यासुरल्या बायकांना जेवायला बोलावलं होतं. उरल्यासुरल्या म्हणजे चारजणी. "तिला घेऊन ये," ती मला म्हणाली. "आता पुन्हा आम्ही कसल्या भेटतोय? तुझ्या पाया पडते हवं तर."

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ओढणी सारखी केली. मग म्हणाल्या, "नाही जमणार. गुडघे."

"अहो आई, गाडीत बसायचं, गाडीतून उतरायचं. दारापर्यंत गाडी जाते."

"नाही म्हटलं ना!"

मी पण तापले. म्हटलं, "पन्नास वर्षांची मैत्रीण आहे तुमची. पुढे रडत बसाल आणि मग मला सांगू नका." आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटली. जेवणाला नऊ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. आमच्याकडे मार्चनंतर असा धुळीचा वारा येतो की पाच मिनिटांत घरभर कण कण होतात. मी बाल्कनीतले कपडे गोळा करायला धावले. सासूबाईंचा टॉवेल, तोच त्यांच्या कोपऱ्यातला, वाऱ्यानं उडून कठड्यावर पडला होता. तो निळा टॉवेल केव्हाच विरला होता, हा त्याचा नातू असेल. मी तारेवर हात घातला, त्याखालची बॉडी काढायला. तार रिकामी. वाटलं, उडून खाली गेली. वाकून बघितलं, खाली काही नाही. सोसायटीच्या वॉचमनला विचारू की काय, असंही मनात येऊन गेलं. मग माझं मलाच हसू आलं. चाळीस वर्षांत मी दुसऱ्यांदा चोरीची बोंब ठोकणार होते.

पण मन काही गप्प बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई अंघोळ करून आल्या, ओला टॉवेल कसाबसा तारेवर टाकला, नीट सारखा केला आणि आत गेल्या. मी जाऊन कोपरा उचलला. खाली काही नव्हतं. तिसऱ्या दिवशीही काही नव्हतं.

बाई गं! मी तिथेच स्टुलावर बसले. किती महिने त्या रोज रिकाम्या तारेवर टॉवेल घालत होत्या? आम्हाला कळू नये म्हणून. झाकायला काही उरलं नव्हतं आणि त्या झाकतच होत्या. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याच्या मागोमाग रागही आला, स्वतःचाच. एकाच घरात राहते, त्यांचा कोपरा सोडून रोज तारेवरचे कपडे काढते, आणि मला पत्ता नाही.

आता सगळं सरळ दिसत होतं. बोटं आखडली, बॉडीचे बारीक हुक लागेनात. बॉडी नाही म्हणून ब्लाउज नाही, ब्लाउज नाही म्हणून साडी नाही, आणि साडी नाही म्हणून गुरुवार नाही. गुडघे बिचारे उगाचच बदनाम. आणि मला हाक मारून "हुक लाव" म्हणायचं? सासूबाई? अहो, आयुष्यात कधी त्यांनी आमच्यासमोर साडीही बदलली नव्हती.

रात्री लेक घरी आली. ती मंडीदीपच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, सकाळी बसनं जाते. तिच्या ब्रा स्टँडवर उघड्या वाळतात. जांभळ्या, पोपटी, काय काय रंगाच्या, चिमटे लावून. त्यावरून आजी-नातीची नेहमी जुंपायची. "तुझी पट्टी दिसून राहिली," असं आजी म्हणे. नात म्हणे, "आजी, ती दिसायलाच असते." "दिसायलाच असते तर वरूनच घाल ना बाप्पा, आत कशाला?" असं चालायचं. तर मी लेकीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. फोन काढला आणि म्हणाली, "आई, हुकच नको ना? मग डोक्यातून घालायची घेऊ. स्पोर्ट्सची, मऊ. परसों तक आ जाएगी." आली पण. राखाडी रंगाची, ताणली की लांब होणारी. मी ती काही न बोलता सासूबाईंच्या उशाशी ठेवली. माझ्या आईसारखंच केलं मी, आता कळतंय. सांगितलं काहीच नाही.

दुपारी त्यांच्या खोलीतून दबक्या आवाजात हाक आली. "अगं... ऐक ना."

दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकलणार, तोच आतून आवाज, "थांब! आधी डोळे मीट."

"डोळे मिटून कशी येऊ? काय झालं?"

"मग पडदा ओढून घे. आणि बघू नको."

पडदा ओढून घेतला. सासूबाई पलंगावर बसलेल्या, दोन्ही हात वर, आणि ती राखाडी वस्तू खांद्यांपाशी गुंडाळी होऊन अडकलेली. धड वर नाही, धड खाली नाही. अर्धा चेहरा त्यात. खांदे आखडलेले, हात खाली येत नव्हते. किती वेळ अशा बसल्या होत्या कोण जाणे. मी हळूहळू ती सोडवली आणि ओढणी त्यांच्या अंगावर टाकली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"तुला टॉवेलाचं कळलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग मला सांगायचं होतंस."

"तुम्ही सांगायचं होतंत, आई!" माझा आवाज चढलाच. "सात-आठ महिने! मी काय परकी आहे? दोन हुक लावायला मला हाक मारायला काय झालं होतं?"

त्यांनी आपली आखडलेली बोटं माझ्यासमोर धरली. म्हणाल्या, "क्वार्टर्समधल्या बायकांच्या बॉड्या शिवल्या मी. आणि माझीच मला लावता येत नाही. हे कोणाला सांगू?" आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं असं नाही, सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं. पण माझ्यासमोर, मला धरून, हे पहिल्यांदाच.

मग नाक पुसून म्हणाल्या, "ते गुंडाळं मात्र परत कर. माणसाच्या जिवावर उठलं होतं."

गुरुवारला चार दिवस होते. मी बिट्टन मार्केटला गेले. पूर्वी अशा दुकानात पुरुष बसत. आपण खाली मान घालून हळूच आकडा सांगायचा, आणि तो मोठ्यानं ओरडायचा, "छत्तीस निकालो!" सगळं दुकान आपल्याकडे बघायचं. आता काउंटरला एक तरतरीत मुलगी होती. "आंटी, पॅडेड या नॉन-पॅडेड? वायर वाली? फ्रंट ओपन?" अशा फैरी झाडल्या. पुढून उघडणाऱ्या होत्या, पण त्यांचे हुक बॉडीच्या हुकांपेक्षाही बारीक. चिकटपट्टीची एक दाखवली. ओढल्यावर असा चर्रर्र आवाज की मलाच दचकायला झालं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे मी जरा खाकरले की तिकडे चर्रर्र? नको गं माय."

मी म्हटलं, "मग मी शिवते."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी विमान चालवते म्हणाले. माझं शिवण म्हणजे त्यांच्या लेखी कायमचा विनोद. मी एकदा उशीचा अभ्रा शिवला होता, त्यात उशी शिरली नव्हती. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी कपाटातून पेपरात गुंडाळलेली आपली मापाची बॉडी काढून दिली, मऊ झालेली, पण शिवण अजून जिथल्या तिथे. कापड कसं तिरपं, उरेब ठेवायचं, टक्स कुठे घ्यायचा, हे त्या पलंगावर बसून सांगत होत्या आणि मी मशीनवर घाम गाळत होते. "टीप सरळ! सरळ म्हणते! गणित शिकवत होतीस ना? मग रेघ सरळ येत नाही?" दोन दिवस असे गेले. बॉडी झाली. मीच चकित, बॉडीसारखी दिसत होती.

सासूबाईंनी ती अंगात घातली आणि त्या तिच्यात हरवल्या. खांदे घसरून दंडावर आले, पुढे एवढा मोठा झोळ. मला वाटलं मी चुकले. मापाची बॉडी शेजारी ठेवून ताडून पाहिली. तंतोतंत. चूक माझी नव्हती, मापाची होती. ती बॉडी सासूबाई चांगल्या भरलेल्या होत्या तेव्हाची. मधल्या वर्षांत त्या केव्हा एवढ्या वाळल्या, ते गाऊन आणि ओढणीखाली आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. त्यांनाही नसेल दिसलं. दुसऱ्यांना नजरेनं मापणारी बाई, स्वतःला कधी पाहणार?

"आता टेप लावावा लागेल, आई," मी म्हटलं.

"अंगाला?"

"अंगाला."

त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग स्वतःच म्हणाल्या, "पडदा ओढ." मी पडदा ओढला. त्यांनी हात जेमतेम वर केले. मी त्यांच्या पाठीमागून टेप घेतला. माझे हात थंड होते, त्या शहारल्या. फासळ्या लागत होत्या हाताला. चाळीस वर्षांत मी या बाईला नमस्कार करताना पायाला शिवले होते, आजारपणात कपाळाला. असं कवेत घेतल्यासारखं कधी धरलं नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण मापाच्या बाबतीत त्या फसल्या नसत्या.

"एवढीच उरले का गं मी?"

 मी म्हटलं, "नाही हो. आधी जरा जास्तच होतात."

त्या अशा हसल्या की टेप माझ्या हातातून सुटला. मला ते माप पुन्हा घ्यावं लागलं.

आता प्रश्न हुकांचा. मी टिचबटणं आणली होती, पण ती दाबायला त्यांच्या बोटांत जोर नव्हता. त्यांनी विचार केला. मग कपाट उघडायला लावलं आणि सासऱ्यांचा ऑफिसचा कोट काढायला सांगितला. त्याला मोठी, तपकिरी, चपटी बटणं होती. "ही काप," त्या म्हणाल्या. "आणि काजांऐवजी सैल फासे कर. एवढं बटण मला नक्की धरता येतं."

"आई, बाबांचा कोट आहे..."

"असू दे. जन्मभर त्या माणसाला माझी बॉडी कुठे वाळते ठाऊक नव्हतं. आता येतील कामाला."

गुरुवारी सकाळी खोलीचं दार बंद झालं. मी बाहेर उभी. आत बराच वेळ काही आवाज नाही.  फासे घट्ट तर झाले नाहीत? पुन्हा अडकल्या तर नाहीत? लेक कामाला जायची थांबली होती. तिनं मला खूण केली, मी तोंडावर बोट ठेवलं. मग दार उघडलं. सासूबाई परकर आणि ब्लाउज घालून उभ्या. ब्लाउजचे हुक उघडेच होते, पण आत चारही तपकिरी बटणं आपापल्या फाशात होती.

"ब्लाउजचे तू लाव," त्या म्हणाल्या. "ब्लाउजचं काय, तो जगाला दिसतोच."

मी त्यांना चार इमलीला घेऊन गेले. सामान बांधून झालं होतं, बंगला रिकामा रिकामा वाटत होता. दोघी मैत्रिणी दारात एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. काठी पडली, तीही कुणी उचलली नाही. जेवणं झाल्यावर दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून आधी कुजबुज, मग मैत्रिणीचं "अव माय! कोटाची बटणं?" आणि मग दोघींचं खी खी हसणं. बाहेर बसलेला तिचा साठीचा मुलगा माझ्याकडे बघून कावराबावरा झाला. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

परत येताना गाडीत सासूबाईंनी डोळे पुसले, खिडकीबाहेर बघितलं. मग पर्समधून एक कागदाचा कपटा काढून माझ्या हातात दिला. त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरात आकडे होते.

"तिचं माप. मी घेतलं, टेपानं. तिच्यासाठी एक शीव. रविवारच्या आत. पुण्याला जाऊन ती कुणाकडे मागेल?"

"आणि बटणं?"

"तिच्या नवऱ्याचा पण कोट होता."

ती बॉडी मी शनिवारी पोचवली. सोमवारी मैत्रीण गेली. फोनवर दोघी रोज बोलतात आता, आणि मधूनच बॉडीचाही विषय निघतो, तो आवाज खाली करून.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई धुतलेली बॉडी हातात घेऊन बाल्कनीत आल्या. कपडा झटकायला त्यांच्या हातात जोर नाही, म्हणून मला हाक मारली. आता मारतात हाक. मी बॉडी झटकली, तारेवर टाकली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं टॉवेल घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"काय राहू दे?"

"टॉवेल. दिसली तर दिसली. तू शिवलीयस ना?"

समोरच्या बाल्कनीत शेजारी झाडांना पाणी घालत होते. चार तपकिरी बटणांची ती पांढरी बॉडी उन्हात चांगली हलत होती. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या हातच्या कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आताही तसं शब्दांत म्हटलं नाहीच. मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. 

सासूबाईंनी मान वाकडी करून नीट निरखून पाहिलं.

"फक्त तो उजवा खांदा भिंतीकडे कर," त्या म्हणाल्या. "टीप वाकडी गेलीय तिथे."